मुलाच्या वागण्यावरून शाळा आणि घर: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी प्राथमिकच्या वर्गांना शिकवते. पालकांना बोलावून "जरा बोलायचं होतं" असं मी किती वेळा म्हटलं असेल याची मोजदाद नाही. मग माझाच मुलगा पहिलीत गेला आणि त्याच्या डायरीत दर दोन दिवसांनी लाल शाईचा शेरा यायला लागला. पहिल्या भेटीत मला बसायला पहिलीतलाच बाक मिळाला. गुडघे पोटाशी घेऊन आपल्या पोराची गाऱ्हाणी ऐकताना, इतकी वर्षं माझ्यासमोर बसलेल्या आईवडिलांना काय वाटत असेल ते एकदाचं कळलं. खालचे प्रश्न मला दोन्ही बाजूंनी विचारले गेले आहेत. एकदोन मीच विचारलेले आहेत.

शाळेतून फोन आला, "उद्या भेटायला या." आता?

फोन ठेवायच्या आधी विचारून घ्या: कशाबद्दल बोलायचंय, कोण कोण असणार आहे, किती वेळ लागेल. "आल्यावर सांगते" असं उत्तर आलं तरी "निदान विषय सांगा, म्हणजे घरी नीट बघून येते" एवढं म्हणायला हरकत नाही. विषयच माहीत नसला की रात्रभर डोक्यात नको नको ते येतं आणि सकाळी आपण भांडायच्या तयारीनेच निघतो.

मुलाला त्या रात्री फैलावर घेऊ नका. "काय केलंस ते खरं सांग" म्हटलं की सात वर्षांचं मूल आपल्या चेहऱ्याकडे बघतं आणि तो चेहरा निवळेल असं काहीतरी सांगतं. त्याला खोटारडेपणा म्हणू नये, पण त्यावर विसंबूनही राहू नये. "उद्या मी तुझ्या मॅडमना भेटणार आहे. तुझ्याकडून त्यांना काय सांगू?" असं विचारून बघा. माझा मुलगा म्हणाला होता, "सांग की पंखा फार आवाज करतो." मी हसले आणि सोडून दिलं. ते सोडून द्यायला नको होतं, त्याबद्दल पुढे.

मॅडम म्हणतात, "फार त्रास देतो", "आक्रमक आहे", "ऐकतच नाही". यावर काय बोलायचं?

विशेषण सोडा, क्रियापद धरा. या पानावरचं एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल.

"आक्रमक आहे" या वाक्यावर पालक दोनच गोष्टी करू शकतो: मान खाली घालणं किंवा "नाही हो, आमचा तसा नाही" म्हणणं. दोन्हींतून पुढे काही निघत नाही. त्याऐवजी विचारा: "शेवटचं कधी झालं? तेव्हा तो नेमका काय करत होता? त्याच्या आधी वर्गात काय चाललं होतं? मग तुम्ही काय केलंत?" हे उलटतपासणीच्या सुरात विचारू नका, समजून घ्यायच्या सुरात विचारा. वही उघडून लिहून घेतलंत तर सूर आपोआप तसा येतो.

माझ्या वर्गातल्या एका "आक्रमक" मुलीचं असंच केलं. तिसरीतली मुलगी, सगळे म्हणायचे मारते. कुठे मारते, कधी मारते हे विचारत गेले तेव्हा निघालं ते एवढंच: खाली जाताना जिन्यापाशी रांग लागते, मागचं मूल पाठीला चिकटतं, आणि ही कोपर मागे मारते. वर्गात कधी नाही, मैदानावर कधी नाही. तिला रांगेत सगळ्यात शेवटी उभं करायला लागलो. पाठीमागे कुणी नाही, म्हणून कोपरही नाही. सगळीच प्रकरणं इतक्या स्वस्तात मिटत नाहीत, पण "आक्रमक" या शब्दाशी झुंजत बसलो असतो तर हेही मिटलं नसतं.

शिक्षकांनीही स्वतःला हीच सवय लावावी. शेरा लिहून झाला की त्यात कॅमेऱ्याला दिसणार नाही असा एखादा शब्द राहिलाय का बघा. "उद्धट" कॅमेऱ्यात दिसत नाही. "वही काढ म्हटल्यावर तीनदा नाही म्हणाला आणि बाकाखाली जाऊन बसला" हे दिसतं.

नोंद ठेवा म्हणतात. ती कशी ठेवायची?

कागदावर तीन रकाने आखा: आधी काय झालं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय झालं. डावीकडे तारीख आणि वेळ. सिडनी बिजू हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली ही पद्धत व्यवस्थित मांडली आणि आजही वर्तनतज्ज्ञ इथूनच सुरुवात करतात. तिला काही लागत नाही, फक्त ज्या दिवशी वैताग आलाय त्या दिवशीही लिहायची शिस्त लागते. घरी आईबाबांनी आणि वर्गात शिक्षकांनी, दोघांनी दोन आठवडे लिहिलं की बोलायला काहीतरी ठोस हातात येतं.

एक खरी नोंद देते, माझ्याच वहीतली, माझ्या वर्गातल्या एका मुलाची:

"११.१०. फळ्यावरचं उतरवून घ्या म्हटलं. पेन्सिल फेकली, 'मी नाही करणार' ओरडला. वर्गाबाहेर उभं केलं."

दुसऱ्या दिवशी जवळजवळ तेच. तिसऱ्या दिवशी तोंडी गणितं होती, काही नाही. चौथ्या दिवशी पुन्हा उतरवून घेणं, पुन्हा पेन्सिल. आठवड्याने मधला रकाना झाकून मी नुसते कडेचे दोन वाचले आणि खजील झाले. आधी: लिहायचं काम. नंतर: लिहायच्या कामातून सुटका. मी शिक्षा समजून जे देत होते ते त्याला हवं तेच होतं. दाराबाहेर उभं राहणं त्याला लिहिण्यापेक्षा परवडत होतं. पुढे कळलं की त्याला लिहिणंच जड जात होतं, हात दुखायचा, चार ओळींत दमायचा. मग निम्मं उतरवायचं आणि निम्मं छापील द्यायचं असं ठरवलं. पेन्सिली फेकणं बरंच कमी झालं. पूर्ण थांबलं नाही.

मुलाला वागण्यातून साधारण चारपैकी एक काहीतरी मिळत असतं: कुणाचं तरी लक्ष, नकोशा गोष्टीतून सुटका, हवी असलेली वस्तू किंवा खेळ, नाहीतर नुसतं शरीराला बरं वाटणं. तेच ओरडणं एका मुलाचं लक्षासाठी असतं, दुसऱ्याचं सुटकेसाठी. म्हणून शेजारच्या मुलाला लागू पडलेला उपाय तुमच्याकडे उलटा पडू शकतो.

घरी तर तो असलं काही करत नाही. मग शाळा खोटं बोलते का?

बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. घरी एक मूल आणि दोन मोठी माणसं, वर्गात चाळीस मुलं आणि एक मोठं माणूस. घरी नको ते काम पुढे ढकलता येतं, वर्गात घंटा होते. घरी आवाज कमी असतो. आणि आता तो पंखा: माझ्या मुलाची जागा ज्या पंख्याखाली होती त्याची घरघर इतर मुलांना जाणवतही नव्हती, याला दुसरं काही ऐकूच येईनासं व्हायचं. तीन महिन्यांनी जागा बदलली तेव्हा कळलं. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

उलटंही असतं आणि ते जास्त जिव्हारी लागतं. शाळेत शहाण्यासारखं वागणारं मूल घरी दप्तर टाकताक्षणी रडारड करतं, धाकट्याला मारतं. शिक्षक म्हणतात, "आमच्याकडे तर गुणी आहे", आणि आईला ऐकू येतं, "तुमचंच काहीतरी चुकतंय." तसं नाही. दिवसभर स्वतःला आवरून धरायचं म्हणजे कष्ट असतात, आणि जिथे सुरक्षित वाटतं तिथे ते सुटतं. अशा वेळी शिक्षकांनी "गुणी आहे" वर न थांबता बघावं: मधल्या सुट्टीत एकटंच असतं का? शेवटच्या तासाला गप्प होतं का? घरी भरपूर बोलणारं मूल शाळेत महिनामहिना एक शब्द बोलत नसेल, तर त्याला नुसतं लाजाळू समजू नका. तोही तज्ज्ञांना दाखवायचा प्रकार आहे. तो साधारणपणे वयाच्या पाच वर्षांच्या आत सुरू होतो आणि कुणाला त्रास होत नाही म्हणून वर्षानुवर्षं राहून जातो.

वर्गशिक्षिका म्हणाल्या, "मला एडीएचडी वाटतो." त्यांना हा अधिकार आहे का?

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अति चंचलपणा आणि उतावळेपणा यांची अडचण. तिचं निदान करायचा अधिकार शिक्षकांना नाही. बघितलेलं सांगायचा नक्की आहे, आणि ते सांगणं मोलाचं असतं. डॉक्टरला खोलीत मूल अर्धा तास दिसतं, तेही नव्या जागी बावरलेलं.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३च्या निकषांप्रमाणे एडीएचडी म्हणायला लक्षणं किमान ६ महिने टिकलेली हवीत, त्यातली काही वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली हवीत, आणि ती एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत, म्हणजे घरीही आणि शाळेतही. शिवाय त्यांनी रोजच्या जगण्यात अडथळा येत असला पाहिजे. म्हणूनच डॉक्टर दोन फॉर्म देतात, एक पालकांसाठी, एक शिक्षकांसाठी. शिक्षकांचा फॉर्म पालकांनी "आम्हीच भरून टाकतो" म्हणू नये. आणि शिक्षकांनी तो मधल्या सुट्टीत दोन मिनिटांत टिकमार्क करून परत देऊ नये. मी एकदा दिलाय, म्हणून सांगते.

मुली यातून जास्त निसटतात. त्या उठून पळत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात. वर्ग शांत, मॅडम खूश, आणि मुलीच्या वहीत काहीच नाही.

तिथवर जायच्या आधी साध्या गोष्टी तपासा:

कान. पडद्यामागे पाणी साचलं की ऐकू येणं कमीजास्त होतं. एक दिवस ऐकतो, एक दिवस नाही, आणि आपण म्हणतो "सोयीचं तेवढं ऐकतो."

डोळे. हे सगळ्यांना सुचतं, तरी राहून जातं.

झोप. ६ ते १२ वयाच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. पेंगुळलेलं मोठं माणूस मंद होतं, पेंगुळलेलं मूल बऱ्याचदा अंगात आल्यासारखं नाचतं. घोरणारं, तोंड उघडं टाकून झोपणारं मूल असेल तर कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांना दाखवा.

आणि एक गोष्ट शिक्षकांनाच दिसू शकते: काही सेकंद मूल एकदम थिजतं, हाक मारली तरी हलत नाही, मग जणू काही झालंच नाही असं पुढे चालू. दिवसातून अनेकदा. ते फिटचा एक प्रकारही असू शकतं. जमल्यास पालकांना मोबाइलवर टिपून द्या, त्यांच्या परवानगीने.

निदान झालंय. शाळेला सांगू का? मुलावर शिक्का बसेल.

शिक्का आधीच बसलेला असतो. फक्त तो "वाह्यात" असा असतो. माझं मत सांगण्याच्या बाजूचं आहे, पण सगळ्यांना नाही आणि सगळं नाही. वर्गशिक्षिकेला आणि मुख्याध्यापकांना सांगा. फाइल देण्यापेक्षा एक कागद द्या: काय अडतं, काय केलं की सोपं जातं, काय करू नये. हे कोणाकोणाला कळेल, तेही तिथेच ठरवून घ्या.

गोळी सुरू असेल तर शिक्षकांना माहीत असलेलं बरं. एडीएचडीवर दिल्या जाणाऱ्या मिथिलफेनिडेट या औषधाच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. सकाळी शांत बसलेलं मूल दुपारी भिरभिरायला लागलं तर तो आळस किंवा खोडी नसेल, गोळी उतरली असेल. ही वेळ डॉक्टरांना शिक्षकच सांगू शकतात. भूकही कमी होते. डबा तसाच परत येत असेल तर तेही कळवावं. गोळी बदलणं, वाढवणं, बंद करणं हे मात्र ना घराने ठरवायचं, ना शाळेने.

भेटीत मला रडू फुटलं. आता तोंड कसं दाखवू?

शिक्षकांच्या ते लक्षातही राहत नाही, किंवा राहतं ते आपुलकीने. रडू आवरेना तर "दोन मिनिटं द्या" म्हणा. राग आवरेना तर मात्र भेट थांबवा आणि दुसरी वेळ घ्या. रागात बोललेलं वाक्य मुलाला वर्षभर पुरतं.

रोज डायरीत तक्रार. वाचायचीही भीती वाटते.

मग डायरीचंच रूप बदला. रोजचं कार्ड हा प्रकार एडीएचडीच्या मुलांबाबत चांगला अभ्यासलेला आहे आणि वर्गात झेपणाराही आहे.

तीन ते पाच वाक्यं, त्याहून जास्त नाही. नकारात नाही, होकारात. "भांडू नये" असं नको, "राग आला की हात वर करून मॅडमना सांगितलं" असं. "नीट वागला" नको, ते कुणालाच मोजता येत नाही. प्रत्येक तासाला किंवा निदान सुट्टीच्या आधी आणि नंतर, हो किंवा नाही अशी खूण. कार्ड घरी जातं आणि ठरलेल्या होकारांवर घरी काहीतरी छोटंसं मिळतं: बाबांबरोबर पत्त्यांचा एक डाव, झोपताना एक गोष्ट जास्त. विकत आणलेलं काही लागत नाही.

सुरुवातीचा आकडा असा ठेवा की मूल पहिल्याच आठवड्यात बहुतेक दिवस जिंकेल. इथे मोठी माणसं हमखास कद्रूपणा करतात. "दहापैकी नऊ झाले तरच" म्हणतात, मूल दोन दिवस हरतं आणि तिसऱ्या दिवशी कार्ड वाटेत फाडून टाकतं. आज दहापैकी चार जमतात ना, मग पाचला बक्षीस.

"नाही" वर घरी शिक्षा करायची नाही. शाळेत झालेलं शाळेत संपलं. सकाळी अकराच्या चुकीची सजा रात्री आठला मिळाली तर मूल एवढंच शिकतं की डायरी लपवावी.

(शिक्षकांचा प्रश्न) पालकांना पहिल्यांदा कळवताना काय लिहू?

मी पूर्वी काय लिहायचे ते बघा: "आपला पाल्य वर्गात सतत व्यत्यय आणतो. कृपया समज द्यावी." मधाचं बोट लावलेली धमकीच ती. पालकाने समज द्यायची म्हणजे नेमकं काय करायचं?

आता असं लिहिते: "या आठवड्यात तीनदा असं झालं की गटात काम सुरू करताना तो जागेवरून उठून निघून गेला. एकट्याने काम करताना बसतो, कालचं चित्र त्याने पूर्ण केलं. गटात त्याला काय अवघड जातं ते मला अजून कळलेलं नाही. घरी चार मुलं जमली की कसा असतो? गुरुवारी शाळा सुटल्यावर वीस मिनिटं बोलू शकू का?"

दोन्हींत फरक गोडव्याचा नाही. दुसऱ्यात पालकाला उत्तर देता येईल असा प्रश्न आहे.

अजून एक. पहिला फोन तक्रारीचा नसावा. वर्ष सुरू झालं की पहिल्या पंधरवड्यात, ज्या मुलाबद्दल पुढे बोलावं लागेल असं दिसतंय त्याच्या घरी एक फोन करावा, काहीतरी खरंच चांगलं बघून. खरंच चांगलं. उगाच केलेलं कौतुक पालकांना लगेच ओळखू येतं.

(शिक्षकांचा प्रश्न) पालक म्हणतात, "तुम्ही खुशाल चोप द्या, आम्ही काही म्हणणार नाही." किंवा मी सांगितल्यावर घरी मारतात.

हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण बोलणारा मनापासून मदत करायला आलेला असतो. त्याला त्याच्या लहानपणी तेच मिळालेलं असतं. उपदेश केला तर तो दुखावतो. मी विचारते, "मारल्यावर किती दिवस टिकतं?" उत्तर बहुधा प्रामाणिक येतं: दोन दिवस, एक दिवस, संध्याकाळपर्यंत.

जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने घरांत जाऊन निरीक्षणं केली आणि १९८२ साली हे चक्र सविस्तर मांडलं. आई काम सांगते, मूल किंचाळतं, आई थकून सोडून देते, मूल गप्प होतं. मूल शिकलं की किंचाळल्यावर काम टळतं. आई शिकली की सोडून दिल्यावर शांतता मिळते. पुढच्या वेळी आई आवाज चढवते, मूल त्याहून चढवतं, आणि एक दिवस हात उठतो. त्या दिवशी मूल गप्प होतं, म्हणजे आता हात उठवणंही "लागू पडलं". यात दुष्ट कोणी नाही. प्रत्येक जण त्या क्षणी सुटका करून घेतो. हे वहीवर बाण काढून दाखवलं की पालक स्वतःच म्हणतात, "असंच होतं आमच्याकडे."

सांगितल्यावर घरी मार बसतो असा अंदाज असेल तर लिहून पाठवू नका, समोर बसून बोला, आणि आधी ठरवून घ्या की आज घरी याबद्दल काहीच करायचं नाही. अंगावर वळ दिसले, मूल घरी जायला घाबरलं, तर तो विषय पालकभेटीचा उरत नाही. मुख्याध्यापकांना आणि समुपदेशकांना त्याच दिवशी सांगायचं.

मुलाने भेटीत बसावं का?

थोडा वेळ, हो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेतलं १२वं कलम सांगतं की मुलाशी संबंधित गोष्टींत त्याचं म्हणणं ऐकलं जावं, वयाप्रमाणे त्याला वजन दिलं जावं. ते बाजूला ठेवलं तरी, ज्याच्याशिवाय ठरलेलं काही होणारच नाही तो खोलीबाहेर का?

पण मोठ्यांनी आधी आपसांत गाऱ्हाणी उरकून घ्यावीत. मूल आत येईल तेव्हा न्यायालय भरलेलं नसावं. "सॉरी म्हण" एवढ्यासाठी तर मुळीच बोलावू नये. "कुठला तास सगळ्यात अवघड जातो?" असं विचारा आणि मग गप्प बसा. गप्प बसणं आम्हा शिक्षकांना फार जड जातं.

वर्गाच्या पालक ग्रुपवर माझ्या मुलाबद्दल लिहिलं गेलंय.

तिथे उत्तर देऊ नका. एकही वाक्य नको, स्मायलीसुद्धा नको. शाळेला थेट कळवा आणि मजकूर काढायला सांगा. शिक्षकांनी तर ग्रुपवर कुठल्याही एका मुलाबद्दल, नाव न घेतासुद्धा, लिहू नये. "काही मुलं" म्हटलं की कोण ते सगळ्यांना कळतं.

माझ्या मुलाने दुसऱ्याला मारलं. त्याच्या घरून फोन येतोय.

उचला. "तुमच्या बाळाला लागलं, मला वाईट वाटलं. कसा आहे तो?" इथपर्यंत बोला. "पण त्याने आधी चिडवलं होतं" हे खरं असलं तरी त्या फोनवर नको, ते शाळेत बोला. दोन घरांनी परस्पर तपास करायचा नसतो. मुलाकडून माफीनामा लिहून घेण्यापेक्षा भरपाई करवा: फाटलेली वही चिकटवून देणं, पडलेलं सामान गोळा करणं.

ठरल्याप्रमाणे सगळं सुरू केलं आणि वागणं आणखी बिघडलं!

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारा हा फोन मला पाठ आहे. समजा, ओरडण्याकडे दुर्लक्ष करायचं ठरलंय. आतापर्यंत ओरडल्यावर लक्ष मिळत होतं, आता मिळत नाही. मूल काय करेल? अजून जोरात ओरडेल. लिफ्ट आली नाही की आपण बटण सोडून देत नाही, चार वेळा दाबतो. ही उसळी येणार हे घरी आणि शाळेत दोघांनाही आधी सांगून ठेवा. सगळ्यात वाईट काय, तर पाच दिवस टिकून सहाव्या दिवशी सर्वांत मोठ्या ओरडण्यापाशी हार मानणं, कारण मूल शिकतं की यापुढे एवढं ओरडावं लागतं. लागणं-मारणं होत असेल तर मात्र दुर्लक्ष हा उपायच नव्हे, आधी सगळ्यांना सुरक्षित करा.

दोन-तीन आठवडे नीट पाळूनही तीन रकान्यांत काही हललं नाही, तर बहुधा कारण ओळखण्यात चूक झाली. पुन्हा वही उघडा.

घरी काही घडलंय. शाळेला सांगायलाच हवं का?

तपशील नको. "घरी सध्या कठीण काळ चालू आहे, तो कदाचित हळवा होईल" एवढं पुरे. आजारपण असो, घर बदलणं असो, आईबाबांचं वेगळं होणं असो, नवं बाळ असो. वेगळे राहणाऱ्या पालकांनी शाळेला निरोप देण्यासाठी एकमेकांचा वापर करू नये, आणि मुलाचा तर नकोच.

मॅडमचा माझ्या मुलावर आकसच आहे.

असू शकतो. शिक्षक माणूसच असतात, आणि रोज वर्ग विस्कटणाऱ्या मुलाबद्दल मन कडवट होतं. मला झालंय. तरी पहिली भेट त्यांनाच मागा, तीही "तुमचा आकस आहे" म्हणून नको. "तो म्हणतो मॅडमना मी आवडत नाही. त्याला असं वाटू नये म्हणून काय करता येईल?" असं बोलून पाहा. यावर बहुतेक शिक्षक विरघळतात. मी तर घरी जाऊन रडले होते.

भेटीनंतर जे ठरलं ते चार ओळींत लिहून पाठवा: काय ठरलं, कोण काय करणार, पुन्हा कधी भेटायचं. महिन्याभरात काहीच हललं नाही तर तोच कागद घेऊन मुख्याध्यापकांकडे जा. चार ओळी हातात असल्या की "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" हे ऐकावं लागत नाही.

मारणं, सगळ्यांसमोर टिंगल करणं, तासनतास वेगळं बसवणं चालू असेल तर या पायऱ्या चढत बसू नका, सरळ वर जा आणि लेखी द्या. शाळेतली शिस्त मुलाचा मान राखूनच असली पाहिजे, हेही वर सांगितलेल्या बालहक्क संहितेत आहे, २८व्या कलमात.

नवीन वर्ष, नवीन वर्गशिक्षिका. आधी सांगायचं की त्यांना स्वतः बघू द्यायचं?

सांगा, पण इतिहास नको. मागच्या वर्षीच्या सगळ्या भानगडी ऐकल्यावर कुणीही त्याच नजरेने बघायला लागतं. त्याऐवजी एक पान द्या. निदानाच्या प्रश्नात म्हटलेल्या त्या एका कागदाचीच ही घरगुती आवृत्ती. आमच्या मुलाच्या दुसरीच्या पानावर हे होतं: "पंख्याखाली बसवू नका. दोन कामं एकदम सांगितली तर दुसरं विसरतो, हट्ट नसतो. चिडला की कान लाल होतात, तेव्हा 'शांत हो' म्हणू नका, पाणी आणायला पाठवा. गोष्ट सांगायला लावली तर फुलतो."

नव्या मॅडमनी ते वाचलं, घडी करून हजेरीपटात ठेवलं आणि एकच प्रश्न विचारला, "पाणी आणायला पाठवलं तर परत येतो ना?"

मी म्हटलं, "येतो. जरा उशिरा येतो."